पुएब्लो पूर्वजांची गावे : 'वसाहत', 'वस्ती' की 'ठाण'?

प्रश्न : अमेरिकेच्या नैऋत्य भागातील प्राचीन पुएब्लो लोकांनी गावांसाठी जागा कशा निवडल्या, यावरील लेखाचा अनुवाद करीत आहे. त्यांच्या गावांना 'वसाहत' म्हणणे योग्य होईल का? तसेच इ.स. १३०० च्या सुमारास रिकाम्या झालेल्या गावांना 'ओसाड' म्हणावे काय?

प्रतिसाद १ : 'वसाहत' टाळावा. या प्रदेशात १५९८ पासून स्पॅनिशांनी खरोखरच वसाहत केली, तेव्हा तो शब्द त्यांच्यासाठीच राखून ठेवलेला बरा. 'वस्ती' निर्दोष आहे, पण अपुरा वाटतो. कोलोरॅडोतील चिमनी रॉक येथील मोठा वाडा सुमारे ७,६०० फूट उंचीवरील अरुंद कड्यावर बांधलेला असून पाणी आणि चांगली शेतजमीन खाली खोऱ्यात आहे. समोरच्या दोन सुळक्यांमधून साधारण १८.६ वर्षांच्या चक्रात काही काळ चंद्र उगवताना दिसतो आणि वाड्यातील लाकडे तोडल्याची १०७६ व १०९३ ही वर्षे या चक्राशी जुळतात. केवळ पिण्याचे पाणी पाहून कोणी तिथे घर बांधणार नाही. गावठाण आणि देवाचे ठाण या दोन्हींत असलेला 'ठाण' हा शब्द मला इथे अधिक नेमका वाटतो.

प्रतिसाद २ : चिमनी रॉकपुरते मान्य, सरसकट नको, कारण 'ठाण' म्हटले की वाचकाला शेंदूर फासलेला दगड आठवेल. कोलोरॅडोतीलच मेसा वर्दे येथील क्लिफ पॅलेस या कड्याच्या कपारीत बांधलेल्या गावात सुमारे १५० खोल्या आहेत. ही कपार नैऋत्येकडे उघडते, त्यामुळे हिवाळ्यातील कलते ऊन आत येते, तर वरच्या पठारावर मक्याची शेती होत असे. मात्र ही सोय एका बाजूला आणि श्रद्धा दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करू नये. तेथील किव्हा म्हणजे जमिनीत खोदलेल्या, बहुधा गोल खोल्या. त्यांच्या तळाशी चुलीपलीकडे मूठभर रुंदीचे एक भोक असते. ते सिपापू, म्हणजे माणसे खालच्या जगातून ज्या वाटेने वर आली तिची खूण. आपण कोठून आलो हे ज्या घरात रोज पायाशी दिसते, त्याला 'निवारा' म्हणणे तोकडे आहे. सामान्य उल्लेखासाठी 'गाव' ठेवावे आणि जिथे डोंगर, दिशा किंवा आकाश यांचा संबंध स्पष्ट आहे तिथेच 'ठाण' वापरावा.

'ओसाड' मात्र नकोच, आणि 'बेचिराख' तर अजिबात नको. १२७६ ते १२९९ चा दीर्घ अवर्षणकाळ हे स्थलांतराचे एक कारण असले, तरी ही माणसे नाहीशी झाली नाहीत. होपी, झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदेकाठची गावे त्यांच्याच वंशजांची आहेत. जुन्या गावांचे अवशेष या पूर्वजांच्या पाऊलखुणा असून पूर्वज अजून तिथे आहेत, असे होपी मानतात. आपल्याकडे 'गाव उठले' म्हणतात, आणि गाव उठले तरी पांढर, म्हणजे गावाची जागा, राहते. म्हणून 'उठून गेलेली गावे' हा प्रयोग मला योग्य वाटतो.

प्रतिसाद ३ : सहमत. लेखात या लोकांना 'अनासाझी' म्हटले असल्यास तेही बदलावे. तो नावाहो या शेजारच्या जमातीच्या भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ 'शत्रूंचे पूर्वज' असा लावला जातो, आणि पुएब्लो वंशजांना तो मान्य नाही. 'पुएब्लो पूर्वज' पुरेसे आहे.