स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम: सत्रानंतर बीपी उलट जास्त का भरतं?

प्रश्न
मेडिसिन वॉर्डात बीपीच्या पेशंटना जेकबसन पद्धतीचा व्यायाम शिकवायचा आहे. सोळा स्नायूगट पूर्ण करताना अर्धा तास जातो आणि निम्मे पेशंट मध्येच झोपतात. शिवाय काहींचं वरचं बीपी सत्र संपताच ८-१० ने जास्त येतं. चुकतंय कुठे? आणि हा व्यायाम कुणाला देऊ नये?

उत्तर १
आधी श्वास बघा, सिस्टर. ‘घट्ट आवळा’ म्हटलं की पेशंट दातओठ खाऊन श्वास कोंडतो. छातीतला दाब वाढतो आणि बीपी वर-खाली हेलकावतं. त्यात पूर्ण ताकदीने मूठ वळली की आवळलेल्या स्नायूमुळेही बीपी चढतं. एडमंड जेकबसन यांचा भर जोरावर नव्हताच, बारीकसा ताण ओळखून तो सोडण्यावर होता. म्हणून निम्मीच ताकद लावायला सांगा: ‘मुठीत पिकलेला टोमॅटो आहे, फुटू द्यायचा नाही.’ आवळताना एक ते पाच आकडे पेशंटलाच मोठ्याने मोजायला लावा. मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. मग एकदम सैल सोडून २०-३० सेकंद गप्प राहायचं. खरं काम या वेळात होतं आणि घाईत नेमका हाच वेळ कापला जातो.

उत्तर २
वरचं पटलं, पण मोजणीही तपासा. सत्र संपताच पट्टा बांधू नका. पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या पातळीला टेकवलेला, बोलणं बंद. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहा. आधीचं रीडिंग झोपवून आणि नंतरचं बसवून घेतलं असेल तर तुलनाच करू नका. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा फुगतो. लघवी तुंबलेली असली तरीही, म्हणून सत्राआधीच जाऊन यायला सांगा.

उत्तर ३
झोपेबद्दल: शिकवताना खुर्चीत बसवा, पलंगावर नको. रात्री घरी करताना झोप लागली तर उत्तमच.
सोळा गट पहिले काही दिवसच. नंतर सात, मग चार: दोन्ही हात, चेहरा-मान, छाती-पोट, दोन्ही पाय. चार गटांना दहा मिनिटं पुरतात. पोटरीसाठी पावलाची बोटं स्वतःकडे ओढायला सांगा. पुढे ताणली की गोळा येतो, आणि एकदा गोळा आला की पेशंट पुन्हा करायला तयार होत नाही.
सलाईनची सुई असलेल्या हाताची मूठ वळू देऊ नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोळे मिटून आवळणं नाही. हर्निया असेल तर पोट आवळणं नाही. मानेचा मणका दुखत असेल तर मान वगळा. अशांना न आवळता, नुसतं लक्ष नेऊन एकेक भाग सैल सोडायला शिकवा.
बीपी १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखणं, दम, धूसर दिसणं किंवा हातापायातली ताकद जाणं यांपैकी काही असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना बोलवा.
प्राझोसिन या बीपीच्या गोळीवर असलेले आणि वयस्कर पेशंट सत्रानंतर झटकन उठले तर चक्कर येऊन पडतात. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा, मगच उभं करा.
आणि घरी जाताना नातेवाइकांसमोर स्पष्ट सांगा: आकडा उतरला तरी गोळी चालू ठेवायची. डोस फक्त डॉक्टर बदलतील.