अनुभव धागा: घरादारासाठी लढणारे मेक्सिको-ग्वातेमालाचे सुपरहीरो

मंडळी, सुपरहीरो म्हटला की मुखवटा आणि घरच्यांपासून लपवलेलं गुपित आलंच. हायमे रेयेसने ती रीतच मोडली. २००६ साली डीसी कॉमिक्समध्ये अवतरलेला तिसरा ब्लू बीटल हा टेक्सासच्या एल पासोमधला मेक्सिकन वंशाचा शाळकरी पोरगा. वडिलांचं गॅरेज, आई नर्स, धाकटी बहीण मिलाग्रो. २०२३च्या सिनेमात तो कॉलेज संपवून परततो, तर घरच हातातून जायच्या बेतात! त्यात त्याला अंगावर चिलखत चढवणारा, शक्ती देणारा निळा भुंगा चिकटतो सगळ्या कुटुंबाच्या देखत. पुढच्या लढाईत आजीसुद्धा बंदूक घेऊन उतरते. मला तरी हा घोळकाच खरा हीरो वाटला. अशा पोरापोरींशी तुमची गाठ कुठे पडली? लिहा.

ह्यूस्टनहून: आम्ही शेजारच्या मेक्सिकन कुटुंबासोबतच गेलो होतो. मध्येच पडद्यावर चापुलिन कोलोरादो झळकला आणि आमची रांग सोडून अख्खं थिएटर खिदळायला लागलं. सत्तरच्या दशकातला मेक्सिकन टीव्हीवरचा विनोदी हीरो तो. लाल पोशाख, डोक्यावर नाकतोड्याच्या मिशा, छातीवर पिवळं बदाम. भित्रा, धडपड्या, तरी हाकेला धावून येणारा. शेजारच्या काकूंनी सिनेमा चालू असतानाच मला सगळं समजावलं. मागच्यांनी शुक शुक केलं, त्या कसल्या ऐकतात!

नाशिकहून: थोडा विरोधी सूर लावतो. सिनेमा छान आहे, पण भुंगा परग्रहावरचा. यात मेसोअमेरिका, म्हणजे मेक्सिको-ग्वातेमालाकडची जुनी संस्कृती, कुठे आली? ती हवी तर थेट 'पोपोल वुह' उघडा, ग्वातेमालाच्या किचे माया लोकांचा ग्रंथ. हुनाहपू आणि श्बालांके हे जुळे भाऊ पाताळात, शिबाल्बात, उतरतात. तिथले अधिपती त्यांना काळोख्या घरात कोंडतात. हातात एक चूड आणि दोन चिरूट देतात. अट अशी की रात्रभर जळत ठेवायचे आणि सकाळी जसेच्या तसे परत द्यायचे. याच परीक्षेत त्यांचा बाप हरला होता आणि जिवानिशी गेला होता. पोरं चुडीला मकाव पोपटाचं लालभडक शेपूट लावतात, चिरुटांच्या टोकांवर काजवे बसवतात. पहारेकऱ्यांना वाटतं, जळतंय! सकाळी सगळं शाबूत. ताकदीपेक्षा डोकं चालवून जिंकणारे हीरो मला जास्त पटतात. माझ्या भाच्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न: काजवे उडून का नाही गेले? मी म्हटलं, तेवढं त्यांना विचार.

मेक्सिको सिटीहून (नोकरीनिमित्त इथे): वरचे सगळे कागदावरचे किंवा पडद्यावरचे. इथे खराखुरा होऊन गेलाय. १९ सप्टेंबर १९८५च्या भूकंपात शहराचा मध्यभाग कोसळला, हजारो भाडेकरू उघड्यावर आले. मधल्या चौकाभोवती खोल्या अशी इथली जुनी घरं, थेट आपल्या चाळीच. घरमालकांना ती रिकामी करून हवी होती. १९८७मध्ये लाल-पिवळ्या पोशाखात, कुस्तीगिराचा मुखवटा चढवून सुपरबारियो अवतरला. घर खाली करायला माणसं आली की हा दारात उभा आणि मागे अख्खी वस्ती. उडता येत नव्हतं, अंगावर चिलखत नव्हतं. गर्दी हीच त्याची शक्ती. मुखवट्यामागे कोण, हे त्याने गुलदस्त्यातच ठेवलं. ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी लहानपणी त्याला मोर्चात पाहिलंय. पोट सुटलेलं होतं म्हणाल्या, आणि म्हणूनच तो त्यांना आपल्यातला वाटला.

पुण्याहून: २०२२च्या 'ब्लॅक पँथर: वकांडा फॉरएव्हर' सिनेमातला पाण्याखालचा राजा नेमोरही घ्या की. समुद्राखालचं त्याचं राज्य तालोकान युकातेक माया भाषा बोलतं. तरुण म्हणवत नाही, शतकं ओलांडलेला आहे. पण सोळाव्या शतकात देवीच्या साथीतून पळालेल्या लोकांचा तो मुलगा, हे कळल्यावर मला त्याला खलनायक म्हणता येईना.

ठाण्याहून: मुलीसोबत 'माया अँड द थ्री' पाहिली, २०२१ची, नऊ भागांची ॲनिमेशन मालिका. पंधरा वर्षांची राजकन्या पाताळातल्या देवांशी भिडते. अझ्टेक, माया, इंका अशी सरमिसळ आहे, इतिहास म्हणून पाहू नका. रंग मात्र डोळे दिपवणारे. एक सांगून ठेवते: जवळची माणसं धडाधड मरतात. लहान पोरांना दाखवायची तर आधी स्वतः दोन भाग बघा.