मदत हवी आहे: टारझनच्या पिक्चरमध्ये जेन मरते का?

नमस्कार मंडळी,

जुन्या इंग्रजी पिक्चरचे जाणकार इथे आहेत, म्हणून विचारतोय. बाबा ८४ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात पडल्यापासून बराच वेळ पलंगावरच असतात. ऐकू कमी येतं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर चांगली आहे. महिन्याभरापूर्वी म्हणाले, "मला तो टारझन परत बघायचाय, ज्यात जेन मरते."

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी: जंगलात विमान पडतं, त्यातलं एक तान्हं बाळ तेवढं वाचतं आणि टारझन-जेन ते वाढवतात. मोठं झाल्यावर त्याचे नातेवाईक शोधत येतात. पोराला त्यांच्याबरोबर पाठवावं असं जेनला वाटतं, म्हणून ती दोर कापून टारझनला खाली दरीत अडकवते. शेवटी टारझन हत्ती घेऊन येतो, हत्ती गावाचं कुंपण मोडतात. "आणि तिला भाला लागतो, इथे," म्हणून बाबा हात पाठीमागे नेतात. बोटं पोचत नाहीत, मग मलाच जागा दाखवायला सांगतात.

पिक्चर पाहिला तो १९५०-५१ च्या सुमाराला, मेट्रोत. मेट्रो तेव्हा एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचंच थिएटर, त्यामुळे सुरुवातीची एमजीएमच्या बोधचिन्हातल्या सिंहाची डरकाळीही त्यांना आठवते. थोरले काका, म्हणजे अण्णा, त्यांना गिरगावातून चालत घेऊन गेले होते. आजी त्याच वर्षी गेली होती.

शोधाशोध केली. तेव्हाचा टारझन म्हणजे जॉनी वाइसम्युलर; त्याचे टारझनपट एकूण बारा: १९३२ ते १९४२ मधले सहा एमजीएमचे, पुढचे १९४८ पर्यंतचे सहा आरकेओ या दुसऱ्या कंपनीचे. मॉरीन ओ'सलिव्हन जेन आहे ती फक्त एमजीएमच्या सहांत. बाबांना मगरीशी पाण्याखालची झुंजही आठवते. ती मुळात १९३४ च्या भागातली, पण एमजीएमवाले जुने तुकडे पुढच्या भागांत परत जोडायचे, त्यामुळे मगरीवरून काही ठरत नाही. विमान आणि बाळ यांवरून मात्र शंका उरत नाही. तो १९३९ चा 'टारझन फाइंड्स अ सन' आहे, ज्यात जॉनी शेफील्ड पहिल्यांदा 'बॉय', म्हणजे टारझन-जेनचा तो पोरगा, झाला.

मिळवला, टीव्हीवर लावला. सगळं जुळलं. दोर, कुंपण, भाला. बाबा उशीला टेकून न हलता बघत होते. आणि शेवटी जेनने डोळे उघडले.

बाबा म्हणाले, "हा नाही." मी म्हटलं, बाबा, हाच आहे. तर म्हणाले, "ती उठली असती तर मी रडत कशाला आलो असतो? धोबी तलावापासून अण्णांनी मला खांद्यावर घेतलं होतं."

आता माझा प्रश्न. ओ'सलिव्हनला ही भूमिका सोडायची होती आणि या भागात जेनला मारायचं असंच आधी ठरलं होतं, हे नक्की. नंतर शेवट बदलला. मग जेन मरते तो शेवट आपल्याकडे कधी दाखवला गेला का? मला स्वतःला तसं वाटत नाही. माझा अंदाज वेगळा आहे. पिक्चर तेव्हा दहा-बारा वर्षांचा जुना, प्रिंट झिजलेली. रिळाची टोकं सगळ्यात आधी खराब होतात. तुटली की ऑपरेटर तेवढा भाग कापून जोडून टाकायचे. शेवटचा तुकडा असाच गेला असेल, तर जेन उठलेली कुणाला दिसलीच नसेल. त्या काळी प्रोजेक्टरवर काम केलेलं कुणाच्या घरात असेल तर असं होऊ शकतं का, एवढं विचारून सांगा. आणि ज्यांनी किंवा ज्यांच्या आईवडिलांनी हा पिक्चर तेव्हा मुंबईत पाहिला असेल, त्यांना शेवट कसा आठवतो?

'वय झालंय, विसरले असतील' हे उत्तर कृपया नको. दोर कापल्याचं त्यांनी मला पिक्चर लावायच्या आधी सांगितलं होतं.

दुसरी मदत सबटायटल्सची. बाबांसाठी मी मराठी सबटायटल्स स्वतः टाइप करतोय, निम्मी झाली आहेत. पण काळ्या-पांढऱ्या पिक्चरमध्ये पांढरी अक्षरं आभाळात आणि धबधब्यात दिसेनाशी होतात. अक्षरांमागे काळी पट्टी कशी आणायची? व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये अक्षरांचा रंग पिवळा केला, तर जोडाक्षरं फुटून चौकोन दिसायला लागले. देवनागरीसाठी कोणता फाँट चालतो ते माहीत असेल तर सांगा. बाबांनी रविवारी परत लाव म्हणून सांगितलंय.