मार्केरियन ४२१: क्ष-किरणांत भडका, व्ही फिल्टरमध्ये मात्र काहीच नाही?

गच्चीवरची_दुर्बीण (सोलापूर):
जुळे सोलापुरातून ८ इंची दुर्बिणीने मार्केरियन ४२१ या ब्लेझारचं (दूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी गाभ्याचं) व्ही फिल्टरमध्ये, म्हणजे हिरव्या-पिवळ्या दृश्य प्रकाशात, प्रकाशमापन चालू आहे. स्विफ्ट या अवकाश दुर्बिणीच्या क्ष-किरण आलेखात तीव्रता दोन दिवसांत दुप्पट झालेली दिसते, माझ्याकडे फरक जेमतेम ०.०३ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप). मोजणी चुकतेय का?

सिंक्रोट्रॉन:
चुकत असेलच असं नाही. या ब्लेझारचा जेट (गाभ्यातून निघणारा वेगवान कणांचा झोत) जवळपास आपल्याकडेच रोखलेला आहे आणि त्याच्या सिंक्रोट्रॉन प्रकाशाचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रकाशाचं, शिखर क्ष-किरणांत येतं. ते किरण देणारे इलेक्ट्रॉन सर्वाधिक ऊर्जेचे, म्हणून ऊर्जाही झपाट्याने गमावतात. चढउतार तासांत होऊ शकतो. हेच इलेक्ट्रॉन टीईव्ही (अतिउच्च ऊर्जेच्या) गॅमा किरणांमागेही असतात, त्यामुळे क्ष-किरण आणि टीईव्ही ही जोडी बहुधा बरोबर हलते. दृश्य प्रकाशाचे इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेचे, निवायला वेळ घेतात. रेडिओत तर भडका आणखी उशिरा दिसतो, कारण जेटचा आतला भाग रेडिओला अपारदर्शक असतो.

तुमचा व्ही आलेख फर्मी या अवकाश दुर्बिणीच्या जीईव्ही (टीईव्हीहून कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांच्या) नोंदींशी ताडून पाहा, तोही काही महिन्यांचा. त्यामागेही साधारण असेच कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन असतात, म्हणून तिथे मेळ बसण्याची शक्यता जास्त.

प्रकाशमापक:
भौतिकी बरोबर, पण आधी शेजारच्या ५१ उर्सा मेजोरिस या ताऱ्याचा बंदोबस्त करा! सहाव्या प्रतीचा हा तारा ब्लेझारपासून अवघ्या दोन कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे. त्याची प्रभा पार्श्वभूमीच्या कड्यात (ब्लेझारभोवती आकाशाचा उजेड मोजून वजा करण्यासाठी घेतलेल्या कड्यात) शिरली की वजाबाकी जास्त होते आणि ब्लेझार उगाच मंद दिसतो. कड्याचा त्या बाजूचा भाग वगळा.

गच्चीवरची_दुर्बीण:
ज्या वर्तुळातला प्रकाश मोजतो ते मापनवर्तुळ रोज चित्रातल्या ताऱ्यांच्या रुंदीप्रमाणे बदलतो. चालेल ना?

प्रकाशमापक:
नाही चालणार. ब्लेझार जिच्या गाभ्यात आहे त्या यजमान दीर्घिकेचा प्रकाश वर्तुळाबरोबर कमीजास्त होतो आणि खोटा बदल दिसतो. त्रिज्या कोनीय सेकंदांत एकदाच ठरवा, तीच सगळ्या रात्री ठेवा. तो स्थिर प्रकाश खऱ्या चढउताराची टक्केवारीही कमी करतो, म्हणून तुमचे ०.०३ गाभ्यात जास्तच असतील. ज्याच्याशी ब्लेझार ताडता त्या तुलना ताऱ्यासोबत न बदलणारा आणखी एक तपासणी तारा घ्या. त्या दोघांतला फरकच ०.०२ ने हलत असेल, तर ०.०३ वर विसंबू नका.

एप्रिलच्या मध्यात हा ब्लेझार रात्री दहाच्या सुमारास आपल्याकडे क्षितिजापासून जवळपास ७० अंशांवर येतो, तेव्हाच घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात कॅमेरा उणे २० अंश सेल्सिअसला नेण्याचा हट्ट नको. कॅमेऱ्याचा कूलर पूर्ण ताकदीवर गेला की तापमान टिकत नाही आणि डार्क फ्रेम (कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायला झाकण लावून घेतलेली चित्रं) जुळत नाहीत. शून्यावर स्थिर ठेवा, डार्कही शून्यावरच काढा.

सिंक्रोट्रॉन:
एकेक लांब फ्रेम घेऊ नका, ३०-३० सेकंदांच्या वीसेक जोडा. लांब फ्रेममध्ये ५१ उर्सा मेजोरिस संपृक्त होतो आणि त्याचा प्रकाश शेजारच्या पिक्सेलांत सांडतो.