प्लगिनमधले शब्द बदलायचे तर पीएचपीला हात लावू नका

भाऊ, वर्डप्रेसवरच्या दुकानात बदललेले शब्द अपडेटनंतर का गेले, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही प्लगिनच्या (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या) पीएचपी फाइलमध्येच, म्हणजे त्याच्या मूळ कोडमध्येच, बटणावरचं 'अ‍ॅड टू कार्ट' खोडून आपले शब्द टाकले, म्हणून अपडेट आल्याबरोबर सगळं पुसलं गेलं, ते होणारच होतं. मी पण आमच्या रावेरच्या केळी वेफर्सच्या साइटवर हेच केलं होतं, दोनदा!

लोको ट्रान्सलेट हे भाषांतराचं प्लगिन टाका, त्यात ज्याचे शब्द बदलायचे ते प्लगिन निवडा, मराठी घ्या आणि फाइल कुठे ठेवायची विचारतं तिथे 'कस्टम' निवडा, म्हणजे ती वर्डप्रेसच्या लँग्वेजेस फोल्डरमधल्या लोको फोल्डरमध्ये जाते आणि अपडेट तिला शिवत नाही. 'सिस्टम' निवडलं तर भाषांतराचं अपडेट तुमचं काम खाऊन टाकतं, इथेच बरेच जण फसतात. पीओ फाइल आपल्याला वाचता-लिहिता येते ती, वर्डप्रेस वाचतं तिच्यापासून बनलेली एमओसारखी तयार फाइल, म्हणून नुसती पीओ एफटीपीने (सर्व्हरवर फाइल पाठवायच्या पद्धतीने) चढवून काही बदलत नाही. वाक्यात %s दिसलं तर ते तसंच ठेवा, तिथे वस्तूचं नाव किंवा तसंच काही आपोआप येतं. साइट इंग्रजीत असली तरी चालतं, इंग्रजीचीच फाइल बनवायची.

आम्ही 'थैलीत टाका' केलंय, जळगावच्या गिऱ्हाइकाला लगेच कळतं. सेव्ह करूनही जुनंच दिसलं तर आधी कॅशे (साठवून ठेवलेली जुनी पानं) साफ करा.