१५-१६ हजारात मॉनिटर, २४ इंच घेऊ का २७? गेमिंग + दुकानाचं काम

जामनेरी_गेमर
राम राम मंडळी. पीसी आहे रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्डवाला, पण मॉनिटर अजून दुकानातला जुना १९ इंचीच चालू आहे, तो आता बदलायचाय. बजेट १५-१६, लई ताणलं तर १७ हजार. रात्री व्हॅलोरंट, सुट्टीला जीटीए ५ किंवा सायबरपंक, आणि दिवसा त्याच स्क्रीनवर पप्पांच्या कृषी सेवा केंद्राचं टॅली-एक्सेल, वरून ताई एमपीएससीच्या पीडीएफ वाचते ते वेगळंच. जळगावला गोलाणी मार्केटात विचारलं तर एकजण म्हणे २७ इंची कर्व्हड घे, १०८० पी (१९२०×१०८० पिक्सेल), व्हीए पॅनल, १६५ हर्ट्झ (सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलतं). दिसतो तर जबरदस्त. दुसरा म्हणे २४ इंची आयपीएस (दुसऱ्या प्रकारचं पॅनल) घे, उरलेले पैसे खिशात ठेव. ऑनलाइन २७ इंची १४४० पी (२५६०×१४४० पिक्सेल) पण बजेटच्या काठावर येतोय पण आपलं कार्ड ओढेल का तो? खोली पश्चिमेला आहे, दुपारनंतर खिडकीचा उजेड सरळ स्क्रीनवर येतो.

केळीवाला_रावेर
२७ ला १०८० पी घेऊ नको भो. २४ इंचात तेवढेच पिक्सेल बसवले तर इंचाला ९२ च्या आसपास पडतात, २७ मध्ये तेच ८२ वर येतात आणि टेबलावर दीड-दोन फुटावर बसणाऱ्याला ते दिसतं. गेममध्ये एकवेळ चालून जाईल, पण ताईची पीडीएफ उघडून पाह्य. इंग्रजी अक्षर तरी सुटं असतं, आपल्याकडं वर रफार, अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षर, बारीक फॉन्टमध्ये 'र्कं' चा नुसता ठिपका होतो. दुकानात डेमोचा रंगीत व्हिडिओ लावून ठेवलेला असतो त्याच्यावर जाऊ नको, पेनड्राइव्हमध्ये एक मराठी पीडीएफ आणि दुकानाची एक्सेल शीट घेऊन जा आणि तीच लावायला सांग. लावत नसेल तर पुढच्या दुकानात.

जंक्शनवाला
वरच्याशी सहमत. कार्डाचं विचारलं म्हणून सांगतो, १४४० पी मध्ये १०८० पेक्षा पावणेदोन पट पिक्सेल असतात, आणि ६६०० हे मुळात १०८० साठीचं कार्ड. पण व्हॅलोरंट हलका गेम आहे, १४४० ला पण आरामात पळेल, जीटीए ५ पण. सायबरपंकला मात्र सेटिंग खाली आणून एफएसआर (कमी पिक्सेलवर गेम चालवून चित्र मोठं करणारी सोय) लावावं लागेल. १४४० च्या मॉनिटरवर गेम १०८० ला चालवू हा विचार करत असशील तर सोड, पिक्सेल पुरे वाटले जात नाहीत, चित्र पुसट होतं. मी असतो तर २७ इंची १४४० आयपीएसच घेतला असता, एक्सेलच्या ओळी पण तिसऱ्या हिश्श्याने जास्त दिसतात. कार्ड उद्या बदलशील, मॉनिटर सात-आठ वर्ष हलत नाही.

आग्रारोड_धुळे
मी उलटं म्हणेन. २४ इंची आयपीएस १८० हर्ट्झ घे, उरलेल्या पैशात चांगला यूपीएस टाक. आपल्याकडं वादळवारं सुटलं की लाइट गेलीच, मॉनिटर तसा ३०-४० वॉटच खातो पण पीसी धाडकन बंद पडला आणि टॅलीचा डेटा खराब झाला तर पप्पा मॉनिटर आणि तुला दोघांना बाहेर काढतील. आणि व्हॅलोरंटला २४ इंच बरा, मान न हलवता सगळा स्क्रीन नजरेत येतो.

जामनेरी_गेमर
यूपीएस आहे भाऊ, मागच्याच पावसाळ्यात घेतला. म्हणजे कर्व्हड बाद समजू का? तो गोलाणीवाला म्हणत होता व्हीएमध्ये काळा रंग एकदम काळा दिसतो, आणि डब्यावर एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा मोड) आणि १ एमएस (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) पण छापलंय.

जंक्शनवाला
काळा दिसतो हे खरंय, व्हीएचा कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ला १, आयपीएसचा १००० ला १. पण तो फायदा अंधाऱ्या खोलीत. तुझ्या पश्चिमेच्या खिडकीसमोर दुपारी तीनला दोन्ही सारखेच, तिथं ब्राइटनेस कामाला येतो, ३०० निट्सच्या खाली घेऊ नको, आणि जमलं तर टेबल असं फिरव की खिडकी बाजूला येईल. स्वस्त व्हीएचा दुसरा त्रास म्हणजे काळ्यावरून करडं सरकलं की मागं शेपूट राहते, अंधाऱ्या मॅपमध्ये जाणवते. १ एमएस बहुतेक डब्यांवर असतोच, कोणत्या पद्धतीनं मोजला ते बारीक अक्षरात असतं. या बजेटमधला एचडीआर नावापुरता, विंडोजमध्ये चालू केला तर रंग उलट फिके पडतात.

केळीवाला_रावेर
यूपीएस आहे ना, मग १४४० घे, विषय संपला. लावल्यावर दोन गोष्टी पाहजो. केबल ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला लाव, ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाहीच त्यामुळं मदरबोर्डला लावशील तर काहीच दिसणार नाही. आणि विंडोज बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच ठेवतं, सेटिंगमध्ये डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट स्वतः वाढवावा लागतो. माझ्या ओळखीतला एक पोरगा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन किती महिने ६० वर खेळत होता अन वरून सांगायचा, लई स्मूद वाटतंय! फ्रीसिंक (मॉनिटर कार्डाच्या फ्रेमशी जुळवून घेतो ती सोय) पण मॉनिटरच्या मेनूत चालू कर, जड गेममध्ये फ्रेम खालीवर झाल्या तरी चित्र फाटत नाही.

आग्रारोड_धुळे
ठीक आहे, १४४० घ्या मग, पण स्टँड वरखाली होणारा घेजो, ताई आणि तू एका उंचीचे नसाल. पत्र्याची खोली असेल तर मे महिन्यात दुपारी गेमिंग बंद, बहुतेक मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये ४० डिग्रीपर्यंतच लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं सावलीतच ४४-४५ जातं. ऑनलाइन मागवलास तर डबा उघडताना व्हिडिओ काढ, लगेच पूर्ण पांढरा, काळा, लाल फोटो लावून डेड पिक्सेल बघून घे, आणि सर्व्हिस सेंटर जळगावला आहे का नाशिकला पाठवावं लागतं ते पैसे भरायच्या आधी विचार.