मदत हवी आहे: काहीच वाळत नाहीये!! (तातडीचं)

शाईचा_ठिपका (मंगळवार, रात्री ८:५०)
नमस्कार. पटकन लिहिते, कारण रेंज फक्त गेटजवळच्या फणसाखाली येते आणि एका हाताने टाइप करतेय. तीन आठवड्यांच्या रेसिडेन्सीवर (कलाकारांनी एका जागी राहून काम करायचं, तसली) आलेय, आज सहावा दिवस. सहा दिवसांत एक काम धड वाळलेलं नाही. रात्री केलेल्याला सकाळी बोट लावलं तर रंग बोटाला. कागद पापडासारखा फुगलाय, आणि रंग लावला की जागोजागी काळपट ठिपके उमटतात. शेवटच्या दिवशी ओपन स्टुडिओ आहे, माणसं बघायला येणार, शिवाय एक काम त्यांच्याकडे ठेवून जायचंय. दाखवू काय, कप्पाळ? हेअर ड्रायर आहे, त्याने होत नाही. प्लीज लवकर सांगा.

पौडरोडचे_काका (रात्री ९:०४)
रंग कुठला? कागद कुठला? तुम्ही आहात कुठे? डॉक्टरला फोन करायचा, 'दुखतंय' म्हणायचं आणि ठेवून द्यायचा, तशातली गत झाली ही.

तैलबुद्धी (रात्री ९:१५)
सहा दिवस म्हणजे काहीच नाही हो. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ थराला आठवडा, जाड थराला महिने लागतात. अल्किड मिडियम मिसळा, दुसऱ्या दिवशी हाताला लागणार नाही. आणि पांढरा वापरताना जवसाच्या तेलातला आहे की करडईच्या तेलातला ते ट्यूबवर बघा, करडईवाला जास्त वेळ घेतो.

पौडरोडचे_काका (रात्री ९:२१)
त्या 'कागद' म्हणाल्या आहेत.

तैलबुद्धी (रात्री ९:२३)
कागदावर जेसो (पांढरं अस्तर) लावून तैलरंग करतात. मी स्वतः केलेत.

पौडरोडचे_काका (रात्री ९:२४)
तुम्ही केले असतील. त्यांनी काय केलंय ते त्यांना सांगू द्या की.

संसारी_बाई (रात्री ९:४०)
आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या भिंतीला अशीच ओल यायची, कपाटातल्या पैठणीला बुरशी लागली होती. वॉटरप्रूफिंगवाल्याने दोनदा पैसे खाल्ले. शेवटी कळलं, वरच्यांच्या बाथरूमची लादी फुटलेली. तुम्हीही वरच्या मजल्यावर विचारून बघा.

नवखा_कुंचला (रात्री १०:०२)
मलाही अशा रेसिडेन्सीला जायचंय. फी किती? अर्ज कसा करायचा? पोर्टफोलिओत किती कामं लागतात?

शाईचा_ठिपका (बुधवार, सकाळी ७:१०)
सॉरी, काल लिहिता लिहिता रेंज गेली. जलरंग. कागद चांगला आहे, ३०० जीएसएम म्हणजे जाडजूड, शंभर टक्के कॉटन. जागा आंबोली. वरचा मजला नाही, कौलारू घर आहे. आणि हो, पाऊस लिहायचा राहिला. आल्यापासून थांबलेलाच नाही.

पौडरोडचे_काका (सकाळी ७:३०)
पाऊस लिहायचा राहिला!

बांद्याची_पोर (सकाळी ८:०५)
अगो बाय माझे, जुलयात आंबोलीत रंग सुकवूक गेलंस? थंय आमचे कपडे आठ-आठ दिस सुकनत नाय! वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, पुण्याच्या दहापट म्हण. समुद्रावरून आलेला ढग घाट चढतो आणि पहिल्या माथ्यावरच रिकामा होतो. घरात धुकं शिरतं ते बघितलंस ना? ते धुकं नाही, ढगच आहे. ढगात बसून तू चित्र वाळवतेस.

गिरगावचा_जलरंगी (सकाळी ८:५०)
ठिपक्यांबद्दल कोणीच बोलेना, म्हणून लिहितो. न वाळणं आणि ठिपके पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

न वाळण्याचं सोपं आहे. हवाच पाण्याने भरलेली असेल तर कागदातलं पाणी जाणार कुठे? ड्रायरने वरचा थर कोरडा दिसतो, पण आतली ओल तासाभरात पुन्हा वर येते.

ठिपक्यांवरून मात्र मला कागदाचीच शंका येते. जलरंगाच्या कागदाला साइझिंग, म्हणजे खळीसारखा लेप असतो, आर्चेससारख्या कागदांना जिलेटिनचा. त्याच्यामुळे रंग वर राहतो, चटकन आत शोषला जात नाही. कागद फार दिवस दमट जागी राहिला की हे जिलेटिन जागोजागी खराब होतं, बुरशी ते खाते. कोरा कागद बघून काही कळत नाही. ओला ब्रश फिरला की जिथे साइझिंग गेलंय तिथे कागद टिपकागदासारखा रंग पितो, म्हणून तिथे गडद ठिपका.

एक करून बघा. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. मण्यासारखा उभा राहिला तर कागद ठीक. टेकल्या टेकल्या आत गेला तर कागद मेला. आणि हे होणं पाच-सहा दिवसांचं काम नाही. हा कागद त्याआधी कुठे होता?

तैलबुद्धी (सकाळी ९:१०)
म्हणूनच म्हणतो, जलरंगाचे लाड सोडा. ॲक्रिलिक घ्या. त्याला ना साइझिंग ना काही.

गिरगावचा_जलरंगी (सकाळी ९:१८)
ॲक्रिलिकही पाणी उडूनच वाळतो साहेब. दमट हवेत तोही रेंगाळतो आणि कागदावर कागद ठेवले की चिकटून बसतो. आणि आंबोलीत ॲक्रिलिकचं दुकान कुठे काढलंय?

तैलबुद्धी (सकाळी ९:२०)
सावंतवाडीला मिळेल. तासाचा तर रस्ता.

बांद्याची_पोर (सकाळी ९:४५)
सावंतवाडीचं नाव निघालंच आहे तर पोरी, एक दिवस राजवाड्यात जाऊन ये. तिथे गंजिफा रंगवणारे कलाकार बसतात. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी ही विरत चाललेली कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा, एकूण एकशे वीस. जुन्या पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, वर खडूचा लेप, मग रंग, मग लाखेचं रोगण. पावसाळा काढायची विद्या त्या माणसांच्या हातात आहे, आपण इथे इंटरनेटवर विचारतोय.

भातुकली (सकाळी १०:१५)
खळीवरून आठवलं. साइझिंग गेलं असेल तर भाताची पेज गाळून ब्रशने लावा! पूर्वी हातकागदाला पिठाची खळ लावून दगडाने घोटायचे. तिथे तांदळाला तोटा नाही.

गिरगावचा_जलरंगी (सकाळी १०:२२)
नको, नको, नको. आंबोलीत जुलैत पेज लावलेला कागद म्हणजे बुरशीला पंगतीचं आमंत्रण. चार दिवसांत हिरवी शाल पांघरेल.

भातुकली (सकाळी १०:३०)
तुरटी घालायची पेजेत. आमच्या आजीचे वहीचे पुठ्ठे वीस वर्षं टिकले.

गिरगावचा_जलरंगी (सकाळी १०:३३)
आजी कुठल्या?

भातुकली (सकाळी १०:४१)
सोलापूरच्या.

पौडरोडचे_काका (सकाळी १०:४२)
😀

नवखा_कुंचला (सकाळी ११:००)
फी किती आहे ते कोणी सांगेल का?

शाईचा_ठिपका (दुपारी १:३५)
जलरंगीकाका, थेंब ठेवला. टेकल्या टेकल्या गेला. चार कागदांवर केलं, चारही तसेच. 😭

कागद सेलमध्ये घेतला होता, दोन वर्षं झाली असतील. वसईला आमच्या माळ्यावर होता, भिंतीला टेकवून. दोन पावसाळे निघाले त्यावर. हे सांगायचं असतं हे मला काय माहीत, कोरा पांढराशुभ्र दिसत होता.

फी २४,००० भरलीय, राहणं-जेवण धरून. म्हणूनच जीव वर-खाली होतोय. इथली माणसं गोड आहेत, पण पावसाळ्याबद्दल आधी अवाक्षर काढलं नाही. माहितीपत्रकात सगळे फोटो डिसेंबरचे.

बोस्टनची_वारी (दुपारी २:२०)
२४,००० भरून तुम्ही काम करणार आणि वर एक काम त्यांना देणार? अमेरिकेतली मॅकडॉवेल रेसिडेन्सी बघा. न्यू हॅम्पशरमधलं पीटरबरो, एडवर्ड मॅकडॉवेल हा संगीतकार आणि त्याची बायको मेरियन यांनी १९०७ मध्ये सुरू केलं. निवड झाली की फी शून्य. रानात सुटे सुटे स्टुडिओ, आणि दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवून जातात, कलावंताची तंद्री मोडू नये म्हणून. आपल्याकडे 'निसर्गाच्या कुशीत' म्हणायचं आणि लॉजचा धंदा करायचा.

सह्यभटक्या (दुपारी २:५०)
मॅकडॉवेलच्या पाठीशी देणगीदार उभे आहेत. इथे एखादा माणूस स्वतःच्या जमिनीवर दोन खोल्या बांधून चालवत असेल तर वीज-गडी-जेवण कुठून काढायचं? पैसे घेणं चूक नाही. जुलैचा पाऊस न सांगणं चूक आहे.

ता.क. लेखिका, रात्री गेटपाशी फणसाखाली उभ्या राहता ना? टॉर्च घेऊन जा, आणि हात टेकण्याआधी फांदी बघा. मलबारी चापडा हा साप पावसात अगदी हाताच्या उंचीवर बसलेला असतो, हिरवा-तपकिरी, पानात कळत नाही, विषारी आहे. जळवांना तंबाखूचं पाणी मोज्यांवर. आणि पाऊस थोडा उघडला की सड्यावर (कातळाच्या पठारावर) बेडूक बघा, आंबोलीच्या नावाचा एक भेक आहे, २००९ मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली.

शाईचा_ठिपका (दुपारी ३:०५)
चापड्याचं आधी सांगायचं ना!! सहा रात्री मी त्या फांदीला छत्री अडकवत होते.

ग्लासगोकर (दुपारी ३:४०)
मी स्कॉटलंडमध्ये बारा वर्षं बाहेर बसून जलरंग करतोय. इथे आंबोलीसारखा मुसळधार नाही, पण रिपरिप कायमची. आपल्याकडे शिकवलेली सवय अशी की पहिला थर वाळू द्या, मग दुसरा, मग तिसरा. दमट हवेत ती सवय सोडावी लागते. एका बैठकीत ओल्यावर ओलं करून उठायचं. तास-दीड तास कागद ओला राहतो ही पुण्याच्या उन्हाळ्यात न मिळणारी चैन आहे. ब्रशमध्ये पाणी कमी, रंग जास्त, कारण हवाच अर्धं पाणी घालतेय. कोबाल्ट, अल्ट्रामरीनसारखे दाणेदार रंग सावकाश बसतात, दाणा सुंदर उतरतो. धारदार कडा हव्या असतील तर त्या दुसऱ्या दिवशी, पेन्सिलीने किंवा जवळजवळ कोरड्या ब्रशने.

तैलबुद्धी (दुपारी ४:००)
पाण्यात थोडं स्पिरिट घाला, झटकन उडतं.

गिरगावचा_जलरंगी (दुपारी ४:१२)
ओल्या थरावर स्पिरिट पडलं की चांदण्यांसारखे डाग उमटतात. हवे असतील तर जरूर घाला.

लेखिका, आता मुद्द्याचं. ३०० जीएसएमचा दुसरा कागद आहे का तुमच्याकडे? ब्लॉक, पॅड, काहीही, प्लास्टिकमध्ये बंद असलेलं?

शाईचा_ठिपका (रात्री ८:४०)
(टॉर्च घेऊन आलेय, फांदी बघितली.)

आहे. एक ब्लॉक आहे, बारा पानांचा, चारही कडा चिकटवलेला, पॅकिंगही फोडलेलं नाही. याच वर्षी मैत्रिणीने भेट दिला. तो मी शेवटच्या कामासाठी ठेवलाय. आधी या सुट्या कागदांवर हात बसवायचा आणि मग ब्लॉकवर, असं ठरवलं होतं.

गिरगावचा_जलरंगी (रात्री ८:५२)
आज रात्री फोडा. आम्ही सगळे हेच करतो, चांगला कागद जपून ठेवतो आणि तो जपता जपता मारतो. माझ्याकडे १९९८ चे चार कागद आहेत, सासऱ्यांनी आणलेले. आता ते फक्त बघायचे.

काम झालं की ब्लॉक हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून. बुटाच्या खोक्यातल्या पुड्या नकोत, त्या आधीच भिजलेल्या असतात. रंग बदलणारे दाणे मिळतात, केशरी ते हिरवे, रंग बदलला की लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायचे. पण तो तवा मग जेवणाला नाही.

बांद्याची_पोर (रात्री ९:१०)
आणि वाळवायला स्वयंपाकघर! तिथे चूल आहे का गॅस? चूल असेल तर वरच्या माळ्यावर ठेव. आमच्याकडे सुकी मासळी, नारळ, लाकडं सगळं पावसाळाभर तिथेच असतं. घरातली एकमेव कोरडी जागा.

गिरगावचा_जलरंगी (रात्री ९:१४)
धूर बसेल. कागद पिवळा पडेल, काजळी येईल.

बांद्याची_पोर (रात्री ९:१६)
माळ्यावर नको तर बाजूच्या भिंतीला, हातभर लांब. काजळी वर जाते, बाजूला नाही. चुलीपाशी तुम्ही बसलाय की मी?

पौडरोडचे_काका (रात्री ९:१७)
तुम्ही.

शाईचा_ठिपका (रविवार, संध्याकाळी ६:२०)
तीन दिवस वीज नव्हती, म्हणून उशीर.

ब्लॉक फोडला. थेंब मण्यासारखा उभा राहिला, बघून रडूच आलं. ग्लासगोकर म्हणाले तसं एका बैठकीत करतेय. पाच केली, दोन फेकली, तीन ठेवली. हिरण्यकेशीच्या वाटेवरचं एक आहे, नुसतं धुकं आणि मधे दोन खोडं, चाळीस मिनिटांत झालं. घरी मी त्याला आठवडा लावला असता आणि घाण केलं असतं.

वाळवायला चुलीजवळची भिंत. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी आधी नाक मुरडलं, आता भाकरी थापता थापता स्वतःच ब्लॉक फिरवून ठेवतात. एका कामाच्या कोपऱ्याला काजळीचं बोट लागलंय, मावशींचं की माझं माहीत नाही. जलरंगीकाका, तुम्ही जिंकलात, पण थोडेच.

मेलेल्या कागदांवर कोळशाने काढतेय. तो खरखरीत लागतो आणि ठिपके मधून मधून कुठल्या कुठे येतात, आता ते मी पुसत नाही. चालकांनी त्यातलंच एक ठेवून घ्यायचं म्हटलंय. मी त्यांना म्हटलं, फोटो जुलैचे लावा. हसले. बघू.

पौडरोडचे_काका (संध्याकाळी ६:४५)
फोटो टाका.

तैलबुद्धी (संध्याकाळी ६:५०)
कोळशाला फिक्सेटिव्ह (कोळसा पक्का धरणारा फवारा) मारलं का? नाहीतर सगळं दुसऱ्या कागदाला लागेल. नसेल तर मध्ये बटर पेपर घाला.

शाईचा_ठिपका (संध्याकाळी ६:५२)
नाही मारलं! बटर पेपर इथे कुठे... मावशींकडे भाजीच्या पुडीचा पातळ कागद आहे, तो चालेल?

तैलबुद्धी (संध्याकाळी ६:५३)
पळेल. तेलकट नसला म्हणजे झालं.

संसारी_बाई (संध्याकाळी ७:३०)
बघा, मी म्हटलंच होतं, ओल माळ्यावरूनच आलेली.

नवखा_कुंचला (संध्याकाळी ७:४१)
२४,००० मध्ये चहा धरून की वेगळा?